महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे : एका कायदेपंडिताचे चरित्र

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत कर्त्या पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. ज्यांनी समाजासाठी जमीन दिली, वसतिगृहाला हातभार लावला, मुलामुलींच्या शिक्षणासाठी पदरमोड केली, त्यांची नावे नव्या पिढीस कळावीत हा त्यामागील हेतू. यंदा मात्र आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र सादर करीत आहोत, की जो आपल्या समाजातील नव्हे, आपल्या जिल्ह्यातीलही नव्हे. कोकणच्या लाल मातीत जन्मलेला, मुंबईच्या गिरगावात आयुष्य घालविलेला आणि १९७२ साली कालवश झालेला हा पुरुष म्हणजे भारतरत्न महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे होत.

गोंदियाच्या शेजारी, धानाच्या बांध्यांच्या आधाराने वसलेल्या आमच्या मुर्रीसारख्या गावात त्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की गेली काही वर्षे आपल्या सभांतून जे प्रश्न पुनःपुन्हा निघतात, म्हणजे समाजाची रूढी मोठी की कायदा मोठा, पंचांनी दंड करावा की करू नये, परजातीत लग्न केलेल्या मुलाच्या घरी जेवावे की जेवू नये, विधवा लेकीने हळदीकुंकवास यावे की येऊ नये, त्या साऱ्या प्रश्नांचा शोध या गृहस्थाने आपल्या देशाच्या प्राचीन ग्रंथांतून आयुष्यभर घेतला. एवढेच नव्हे, तर राजाराजांमध्ये व राष्ट्राराष्ट्रांमध्ये कोणता नियम चालावा, ज्याला आज आपण आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतो, त्याचीही पाळेमुळे त्यांनी आपल्या शास्त्रांतून खणून काढली. कायद्याचा प्राध्यापक काय करू शकतो, हे पाहण्यास यापरते उदाहरण आम्हांस महाराष्ट्रात दिसत नाही.

बालपण व विद्याभ्यास

पांडुरंगरावांचा जन्म ७ मे १८८० रोजी रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळच्या पेढे (परशुराम) येथे झाला. घराणे वैदिक परंपरेचे, भिक्षुकी करणारे. त्यांचे वडील वामन शंकर काणे यांनी मात्र इंग्रजीची वाट धरली, वकिलीची परीक्षा दिली व ते दापोलीस वकिली करू लागले. घरात एकीकडे वेदविद्या आणि दुसरीकडे न्यायालयाचे कागद, असे दोन प्रवाह वाहत होते. पुढे मुलाच्या आयुष्यात हेच दोन प्रवाह एकत्र आले. वडिलांनी लहानपणीच अमरकोशाचे श्लोक पाठ करून घेतले होते. त्या पाठांतराने संस्कृतचा पाया असा भक्कम झाला, की पुढे साठ वर्षे त्यावर इमारत चढत गेली तरी तो खचला नाही.

दापोलीच्या मिशनच्या शाळेतून १८९७ साली पांडुरंगराव मॅट्रिक झाले. पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९०१ साली ते बी. ए. झाले व संस्कृतचे पारितोषिक त्यांनी मिळविले. १९०३ साली एम. ए. होताना वेदान्ताचे झाला पारितोषिक त्यांनी पटकावले. प्रकृती मात्र साथ देणारी नव्हती. लहान वयातच जडलेला पोटाचा विकार त्यांना आयुष्यभर पुरला. आज थोडे डोके दुखले तरी पुस्तक मिटणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी, की ज्याने साडेसहा हजार पानांहून मोठा ग्रंथ लिहिला त्याला सुखाचे जेवण दुर्मिळ होते.

शाळामास्तर ते वकील

एम. ए. झालेल्या या तरुणाने प्रथम कोणता व्यवसाय पत्करला? तर शाळामास्तरकीचा. १९०४ साली ते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक झाले. तेथे सुमारे तीन वर्षे काढल्यावर १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांची बदली झाली. आम्ही स्वतः हयातभर खडू हाती धरलेला असल्याने या गोष्टीचा आम्हांस विशेष अभिमान वाटतो. शाळेचे तास संपल्यावर जो वेळ उरे त्यात त्यांनी कायद्याचा अभ्यास चालू ठेवला आणि १९०८ साली एल्‌एल. बी. पदवी घेतली. याच सुमारास संस्कृत अलंकारशास्त्राचा इतिहास त्यांच्या हातून आकारास येत होता. विश्वनाथाचा साहित्यदर्पण, बाणाची कादंबरी व हर्षचरित, भवभूतीचे उत्तररामचरित यांच्या त्यांनी टिपांसह काढलेल्या आवृत्त्या पुढे कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आल्या.

सरकारी नोकरीत गुणाला नेहमीच न्याय मिळतो असे नाही. पांडुरंगरावांचा हक्क डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ माणसास वरची जागा देण्यात आली. तेव्हा त्यांनी रडगाणे गाइले नाही. १९११ साली राजीनामा दिला व मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्या वेळी त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते, संसार पाठीशी होता, महिन्याचा ठरलेला पगार सोडून अनिश्चित धंद्यात उडी घ्यावयाची होती. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, त्यांनी हिंदू व मुसलमानी कायदा हे विषय घेऊन एल्‌एल. एम. ही पदवी संपादन केली. ज्यांना वाटते की तिशीनंतर परीक्षा देणे लाजिरवाणे आहे, त्यांनी हे साल वहीत टिपून ठेवावे.

कायद्याचे प्राध्यापक

१९१७ ते १९२३ या काळात काणे मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात कायद्याचे प्राध्यापक होते. हे महाविद्यालय १८५५ साली स्थापन झालेले, आपल्या देशातील कायद्याच्या जुन्या विद्यालयांपैकी एक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही पुढे तेथे प्राध्यापक व १९३५ पासून प्राचार्य होते. अशा ठिकाणी शिकवीत असता काण्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. इंग्रजी अमदानीत न्यायालये हिंदू कायदा म्हणून जो चालवीत होती, तो पुष्कळ अंशी भाषांतरांवर आणि आधीच्या निकालांवर उभा होता. मूळ ग्रंथ कोणता, तो कोणत्या काळचा, कोणत्या प्रांतात त्याला मान होता, त्यातला शब्द खरोखर काय सांगतो, याची नीट छाननी झालेली नव्हती. पंडितास कायदा ठाऊक नव्हता आणि वकिलास संस्कृत ठाऊक नव्हते. ही दरी सांधण्यास दोन्ही विद्या अंगी असलेला माणूस हवा होता.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. आपल्या महाराष्ट्रात वारसाहक्काच्या बाबतीत विज्ञानेश्वराची मिताक्षरा प्रमाण मानीत. परंतु गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखास अधिक मान होता. घर एका बाजूस असले तर एक नियम, दुसऱ्या बाजूस असले तर दुसरा! अशा ग्रंथाची शुद्ध प्रत असणे किती आवश्यक होते, हे शेतीच्या वाटणीचे खटले ज्यांनी पाहिले आहेत त्यांस सांगावयास नको. काण्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासाठी या व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती १९२६ साली प्रसिद्ध झाली.

एका प्रस्तावनेचा महावृक्ष

या व्यवहारमयूखास एक प्रस्तावना जोडावी आणि तीत धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडक्यात इतिहास द्यावा, असा काण्यांचा मूळ बेत होता. परंतु लिहू लागल्यावर प्रस्तावना वाढत गेली. एका ग्रंथाचा काळ ठरवावा तर त्यात दहा ग्रंथांची नावे यावीत, त्या दहांसाठी हस्तलिखिते धुंडाळावीत, असे होऊ लागले. अखेर प्रस्तावना बाजूस राहिली व तिचा स्वतंत्र ग्रंथ झाला. तोच इंग्रजीत लिहिलेला धर्मशास्त्राचा इतिहास होय. पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा काणे पन्नास वर्षांचे होते. दुसरा १९४१, तिसरा १९४६, चौथा १९५३ आणि पाचव्याचे भाग १९५८ व १९६२ साली. शेवटची पाने छापून निघाली तेव्हा ग्रंथकर्ता ब्याऐंशी वर्षांचा होता आणि एकूण पृष्ठसंख्या साडेसहा हजारांच्या वर गेली होती.

पहिल्या खंडात धर्मसूत्रे, स्मृती, टीका व निबंधग्रंथ यांचे कर्ते आणि काळ आहेत. दुसऱ्यात वर्ण, आश्रम, संस्कार, विवाह, दान इत्यादी. तिसऱ्यात राजधर्म, व्यवहार म्हणजे न्यायदान, आणि सदाचार. चौथ्यात पातके, प्रायश्चित्ते, अंत्यविधी, श्राद्ध व तीर्थयात्रा. पाचव्यात व्रते, उत्सव, काल, शांती, पुराणे, तंत्र, मीमांसा आदी विषय. हाताशी संगणक नाही, कार्यालय नाही, लेखनिकांचा ताफा नाही. वकिली सांभाळून, ग्रंथालयांतून पोथ्या आणून, उतारे स्वहस्ते टिपून हे काम झाले.

काण्यांची रीत अशी होती, की एखाद्या विषयावर शास्त्रात जितकी मते आहेत तितकी सारी मांडावयाची. जी मते आपणांस प्रिय ती ठळक करावी व अप्रिय ती दडवावी, हा प्रकार त्यांच्यापाशी नव्हता. स्मृतींत जे उदात्त आहे ते त्यांनी दाखविले आणि शूद्रांविषयी व स्त्रियांविषयी जे कठोर व अन्यायाचे लिहिले आहे तेही झाकले नाही. ज्यांना शास्त्राचा अभिमान होता त्यांस आणि ज्यांना शास्त्राचा राग होता त्यांसही त्या ग्रंथात आधार शोधावा लागला. ज्यांच्या पूर्वजांस पोथीला हात लावण्याचीही मुभा नव्हती अशा आपल्यासारख्या समाजांच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. पोथीत काय आहे हे सांगणारा मध्यस्थ आता नको, सारी पोथी पुराव्यासह उघडी पडली आहे.

राजाराजांमधील कायदा

आता तिसऱ्या खंडाकडे वळू. आंतरराष्ट्रीय कायदा ही गोष्ट युरोपात जन्मली, हॉलंडातील ह्यूगो ग्रोशियस या पंडिताने १६२५ साली युद्ध व शांतता यांच्या कायद्यावर ग्रंथ लिहिला तेथून तिचा आरंभ, असे कायद्याच्या विद्यार्थ्यांस सामान्यतः शिकविले जाते. हेग येथे १८९९ व १९०७ साली राष्ट्रांच्या परिषदा झाल्या, तेथे युद्धाचे नियम लिहिले गेले. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. १९४९ साली जिनिव्हाचे करार झाले, ज्यांत जखमी सैनिक, युद्धकैदी व नागरिक यांच्या रक्षणाचे नियम आहेत. हे सर्व खरेच आहे. परंतु राजाराजांमध्ये काही नियम असावेत ही जाणीव आपल्या देशात त्याहून किती जुनी आहे, हे काण्यांच्या राजधर्मावरील प्रकरणांतून दिसते.

प्राचीन शास्त्रकारांनी राजमंडलाची कल्पना मांडली. मध्ये विजयाची इच्छा करणारा राजा, त्याच्या सीमेस लागलेला तो बहुधा शत्रू, त्याच्या पलीकडचा तो बहुधा मित्र, याप्रमाणे बारा राजांचे वर्तुळ. शेजाऱ्याशी वागण्याचे सहा मार्ग त्यांनी सांगितले : संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय आणि द्वैधीभाव. म्हणजे तह करणे, वैर धरणे, चाल करून जाणे, स्वस्थ बसून वाट पाहणे, बलवंताचा आश्रय घेणे, आणि एकाशी तह करून दुसऱ्याशी वैर चालविणे. वर्तमानपत्रातील परराष्ट्रव्यवहाराच्या बातम्या हे सहा शब्द मनात ठेवून वाचाव्यात, पुष्कळ उलगडा होतो. शामशास्त्री यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली प्रसिद्ध केल्यापासून या विषयाच्या अभ्यासास नवे बळ आले होते. काण्यांनी अर्थशास्त्र, मनू, याज्ञवल्क्य, महाभारताचे शांतिपर्व, कामंदक यांची वचने एकमेकांशेजारी ठेवून पाहिली.

दूताचा वध करू नये, हा त्यांतील एक मुख्य नियम. आपल्या घरच्या आजीबाईसही तो ठाऊक आहे. हनुमंत लंकेत पकडला गेला व रावण त्याला मारावयास निघाला, तेव्हा बिभीषणाने याच नियमाची आठवण दिली आणि शेपटीवर भागले. आज परराष्ट्रांच्या वकिलातींना जे संरक्षण आहे त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. तसेच मनुस्मृतीत युद्धाचे नियम आहेत. विषारी वा आत अडकून राहणारी शस्त्रे वापरू नयेत, शरण आलेल्यास, हात जोडलेल्यास, झोपलेल्यास, निःशस्त्रास, जखमी झालेल्यास, भिऊन पळणाऱ्यास, नुसता पाहत उभा असलेल्यास मारू नये. जिंकलेल्या देशात विजेत्याने अभय द्यावे, तेथील लोकांचे आचार राखावेत आणि पराभूत राजाच्या कुळातील योग्य पुरुष गादीवर बसवावा, असेही तेथे सांगितले आहे. मेगॅस्थनीस या ग्रीक वकिलाच्या वृत्तांतावरून असे दिसते, की लढाई चालू असतानाही शेतकऱ्यास कोणी उपद्रव देत नसे. आम्ही धानकरी लोक; नांगर व सैन्य शेजारी शेजारी चालत असल्याचे हे चित्र आम्हांस विशेष भावते.

मात्र काण्यांनी येथेही डोळे झाकले नाहीत. ज्या अर्थशास्त्रात राज्यव्यवहाराचे सूक्ष्म नियम आहेत त्यातच विषप्रयोग, फितुरी व कपटयुद्ध यांच्या युक्त्याही आहेत. नियम उच्च होते आणि राजे ते नेहमीच पाळीत असे नव्हे, हे इतिहास सांगतो. तरी नियम नसलेल्या लोकांपेक्षा नियम मोडल्याची लाज वाटणारे लोक बरे, हे कोणीही मान्य करील.

हा तिसरा खंड १९४६ साली निघाला, या गोष्टीस अर्थ आहे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. हिरोशिमा व नागासाकी भस्म झाली होती. न्यूरेंबर्ग येथे जर्मन पुढाऱ्यांचा खटला चालू होता आणि टोकियोस जपानी पुढाऱ्यांचा सुरू झाला होता. टोकियोच्या न्यायासनावर भारतातर्फे राधाबिनोद पाल बसले होते. तेही मूळचे गणिताचे शिक्षक व पुढे कलकत्त्यास कायद्याचे प्राध्यापक. सर्व आरोपी निर्दोष ठरवावेत असा आपला वेगळा निकाल त्यांनी दिला, कारण जेत्यांनी मागाहून केलेल्या कायद्याने जितांस शिक्षा देणे त्यांना मान्य नव्हते. एक भारतीय कायदेपंडित जगाच्या न्यायासनावर बसून निकाल लिहीत होता आणि दुसरा गिरगावात बसून युद्धधर्माची प्राचीन वचने तपाशीत होता. दोघेही पुढे राष्ट्रीय प्राध्यापक झाले. जित आणि जेता यांस एकच नियम लागू असावा की नाही, हा प्रश्न आजही जगापुढे उभा आहे.

रूढी आणि कायदा

राष्ट्रांची गोष्ट झाली. आता आपल्या घरची. काण्यांच्या ग्रंथातून आपल्यासारख्या जातिसंस्थांनी शिकावे असे पुष्कळ आहे. शास्त्रकारांनी देश, जाती व कुल यांच्या आचारांस मान दिला होता. कुल, श्रेणी व पूग म्हणजे घराणे, व्यवसायाचा समूह आणि गावची सभा यांनी आपापले तंटे सोडवावेत, परंतु त्यांच्या वर राजाने नेमलेले न्यायाधीश व शेवटी राजा असावा, अशी रचना याज्ञवल्क्याने सांगितली आहे. म्हणजे पंचायतीचा निकाल हा कधीच अखेरचा नव्हता. त्यावर दाद मागता येत असे. इंग्रजी राज्यातही १८६८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या एका खटल्यात असे ठरविले, की स्पष्ट पुराव्याने सिद्ध झालेली रूढी ग्रंथातील वचनाहून प्रबळ होय. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही विवाहाचे रूढ विधी मान्य केले. मात्र त्याच कायद्याने रूढीची कसोटीही घालून दिली. ती दीर्घकाळ अखंड चालत आलेली, निश्चित, वाजवी आणि लोकहिताच्या विरुद्ध नसलेली असली पाहिजे.

या वाजवी शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. आचार बदलतात, बदलले आहेत आणि बदलावे लागतात, हे काण्यांनी कलिवर्ज्य प्रकरणावरून दाखवून दिले. पूर्वी शास्त्राने मान्य केलेल्या अनेक गोष्टी पुढील निबंधकारांनी कलियुगात वर्ज्य म्हणून सोडून दिल्या. लोकांस ज्याचा तिटकारा आला तो धर्मही टाकावा, असे खुद्द मनूने सांगितले आहे. मग आजोबांनी केले म्हणून नातवाने केलेच पाहिजे, हा हट्ट शास्त्रालाही धरून नाही.

काणे नुसते लिहून थांबले नाहीत. विधवांच्या केशवपनास वेदांत व प्रमुख स्मृतींत आधार नाही, ही चाल मागाहून शिरली, हे त्यांनी आपल्या दुसऱ्या खंडात साधार मांडले. आणि केशवपन न केलेल्या एका विधवेस पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात पूजेचा हक्क नाकारला गेला, तेव्हा त्या बाईच्या बाजूने ते उभे राहिले. ज्या पुरुषास सर्व शास्त्र मुखोद्गत, त्यानेच शास्त्राच्या नावाने चाललेला अन्याय खोडून काढला. अस्पृश्यता नष्ट व्हावी, धर्मात काळानुरूप सुधारणा व्हावी, या मताचे ते होते. स्वजातीच्या रोषाची पर्वा न करता त्यांनी हे केले, ही गोष्ट जातिसंस्थेच्या स्मरणिकेत मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे.

मानसन्मान व अखेर

१९४२ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. प्राच्यविद्येच्या जागतिक परिषदांस १९४८ साली पॅरिस, १९५१ साली इस्तंबूल व १९५४ साली केंब्रिज येथे ते भारताच्या वतीने गेले. १९५३ ते १९५९ ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. हिंदू विवाह व हिंदू वारसा यांचे कायदे संसदेने १९५५ व १९५६ साली संमत केले ते याच काळात. ज्या विषयाचा इतिहास त्यांनी लिहिला, त्याचे नवे पान त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिले गेले. १९५६ साली चौथ्या खंडास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९५९ साली ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले आणि १९६३ साली डॉ. झाकिर हुसेन यांच्यासमवेत त्यांस भारतरत्न हा सर्वोच्च किताब अर्पण करण्यात आला.

राज्यघटनेविषयी त्यांचे एक मत सांगण्याजोगे आहे. आपल्या परंपरेत कर्तव्यांवर भर होता, घटनेने मात्र हक्क दिले व कर्तव्ये सांगितली नाहीत, असे त्यांना वाटे. हे मत सर्वांस पटेलच असे नाही. ज्यांच्या वाट्यास हजारो वर्षे केवळ कर्तव्येच आली, त्यांनी आधी हक्क मागावे हे न्याय्यच होते, असे आमचे नम्र मत आहे. तथापि १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत घातली गेली, तेव्हा काणे हयात नव्हते. नव्वदी ओलांडल्यावर १९७२ साली त्यांचे देहावसान झाले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने त्यांच्या नावाने संशोधनसंस्था व सुवर्णपदक ठेवून त्यांची स्मृती जतन केली आहे.

आपल्या समाजास विनंती

वाचकहो, थोरांची चरित्रे नुसती वाचून ठेवावयाची नसतात. या चरित्रावरून आम्ही समाजापुढे तीन गोष्टी ठेवू इच्छितो.

पहिली ही, की आपली मुले डॉक्टर व इंजिनिअर होण्यासाठी धडपडतात, ते उत्तमच. परंतु कायदा शिकणारी मुले-मुली फार थोडी दिसतात. सातबारा, वारसनोंद, वाटणीपत्र यांसाठी आपण जन्मभर दुसऱ्याच्या दारी बसतो. मुलीस बापाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, तरी तलाठ्यापुढे बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेण्याची घाई आजही चालते. समाजाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी एका तरी विद्यार्थ्यास, शक्यतो विद्यार्थिनीस, कायद्याच्या अभ्यासासाठी साहाय्य द्यावे.

दुसरी गोष्ट, आपल्या रूढी लिहून ठेवाव्यात. लग्नात कोणते विधी, काडीमोडीची व पाटाची पूर्वीची रीत कोणती, देवक कोणते, हे सांगणारी वृद्ध माणसे एकेक करून जात आहेत. काण्यांनी हजारो पोथ्या धुंडाळून देशाचा आचार नोंदला. आपणांस निदान आपल्या समाजाचा आचार एका वहीत नोंदता यावा. नोंदल्याशिवाय त्यांतले वाजवी कोणते व टाकाऊ कोणते हे कळणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची व काहींस अप्रिय वाटेल अशी. महाराष्ट्र राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला व तो जुलै २०१७ पासून अंमलात आला. कोणा कुटुंबास वाळीत टाकणे, त्याच्याशी रोटीव्यवहार तोडावयास लावणे, हा त्यान्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु आम्ही शिक्षेच्या भयाने हे सांगत नाही. शरण आलेल्या शत्रूसही मारू नये, असे ज्या परंपरेने सांगितले, तिच्या वारसांनी आपल्याच लेकराच्या अंगणात पाणी पिणे बंद करावे, हे कोणत्या धर्मात बसते? ज्या घरांचा व्यवहार काही वर्षांपूर्वी तोडला गेला, त्या घरांस येत्या वार्षिक मेळाव्याचे निमंत्रण कार्यकारिणीने स्वतः जाऊन द्यावे, पंक्तीत त्यांस सर्वांबरोबर बसवावे आणि दंडाची जुनी थकबाकी वहीतून कायमची काढून टाकावी. तसा ठराव आम्ही या स्मरणिकेद्वारे सुचवीत आहोत. त्यास अनुमोदन देणारे समाजबांधव व भगिनी पुष्कळ निघतील अशी आमची खात्री आहे.